समुद्रसपाटीवरून वर जाणाऱ्यांसाठी

६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचे जहाज गोव्याहून दक्षिणेकडे निघाले. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालचे एकवीस जण त्यावर होते. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी अंटार्क्टिकावर तिरंगा रोवला आणि फेब्रुवारीत ते गोव्यालाच परतले. तेव्हापासून भारताचे ध्रुवीय काम गोव्याशी जोडलेले आहे. वास्कोच्या हेडलँड सडा भागात राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र उभे आहे. ध्रुवावरून आणलेले बर्फाचे गाभे तिथे उणे २० अंशांच्या खोल्यांत जपलेले असतात, आणि बाहेर आवारात माड डुलत असतात.

या मोहिमांत शास्त्रज्ञांइतकाच मोठा वाटा सैनिकांचा होता, याची आठवण गोव्यात फारशी कुणी काढत नाही. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले भारतीय केंद्र लष्कराच्या इंजिनिअरांनी उभारले. तिथे अख्खा हिवाळा काढणारी पहिली भारतीय तुकडी लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा यांच्या हाताखाली राहिली. सूर्य न उगवणारे आठवडे, बर्फाखाली गाडली जाणारी इमारत, मदतीला येऊ न शकणारे जहाज. अशा जागी माणसाचे शरीर आणि मन काय करते, हा प्रश्न भारतासाठी तेव्हा पुस्तकातून बाहेर आला. सैन्याला मात्र तो त्याआधी वीस वर्षे हिमालयात भेटला होता, आणि त्याची किंमतही मोजून झाली होती.

पुढच्या पानांचा विषय हाच आहे: कडाक्याच्या थंडीत आणि उंचीवर सैनिकाची तब्येत, त्याची काम करण्याची ताकद, आणि ती दोन्ही टिकवण्यासाठी काय करावे लागते. मजकूर लिहिताना डोळ्यांपुढे पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके ठेवले आहेत. केरी-मोरजीच्या वाळूत पहाटे धावणारी, मये-पिळगावच्या रस्त्यांवर १.६ किलोमीटरची वेळ घड्याळात पाहणारी मुले भरतीची तयारी करत असतात. दोडामार्ग ओलांडला की सिंधुदुर्गात फौजेत माणूस नाही असे गाव शोधावे लागते. डिचोलीहून साखळी, तिथून चोर्ला घाट चढून गेले की बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र लागते. हा सगळा मुलूख समुद्रसपाटीचा किंवा तिच्या आसपासचा. इथे जन्मलेल्या मुलाची पहिली मोठी बदली पुष्कळदा लडाखकडे होते. त्याच्या शरीराने बर्फ पाहिलेला नसतो आणि घरातल्या कुणाकडे त्याबद्दल सांगण्यासारखा अनुभव नसतो.

डिचोली तालुक्याने भारतीय सेना पहिल्यांदा पाहिली ती डिसेंबर १९६१ मध्ये. ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात उतरली आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. ती मोहीम उबदार हवेतली होती. मोडलेले पूल आणि नद्या हाच मुख्य अडथळा. दहाच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, त्याच देशाचे जवान चीनच्या सीमेवर, नामका चू नदीकाठी आणि थागला धारेखाली उभे होते. उंची १४,००० फुटांच्या पुढे, अंगात सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, अनेकांकडे एकच घोंगडी. मैदानातून त्यांना घाईघाईने वर आणले होते आणि उंचीची सवय व्हायला वेळ दिला नव्हता. २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला, पण थंडी आणि विरळ हवा त्यापूर्वीच कामाला लागली होती. छातीत पाणी भरून जवान दगावत होते. त्याच्या दोनशे वर्षे आधी, नोव्हेंबर १७६० ते १४ जानेवारी १७६१ या काळात पानिपतावर कोंडलेल्या दख्खनी फौजेचे हाल आपण शाळेत वाचतो. उपासमारीबरोबर उत्तरेचा हिवाळाही तिच्यावर चालून आला होता. १९६२ ची फौज आधुनिक होती, तिच्याकडे विमाने होती. तरीही सपाटीचा माणूस थंड उंचीवर नेताना काय लागते, याचा विचार तेव्हाही उशिराच झाला.

त्या युद्धानंतर जे झाले त्याचा मला फार अभिमान वाटतो. लष्करी डॉक्टरांनी वर नेलेल्या जवानांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,००० ते १८,००० फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा हा आजार पूर्वी न्यूमोनिया म्हणून ओळखला जायचा आणि पेनिसिलिन देऊन वाट पाहिली जायची. १९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी तो वेगळा ओळखून मांडला. पण इतक्या मोठ्या संख्येने माणसे पाहून त्याचे स्वरूप पक्के करण्याचे काम भारतीय जवानांच्या शरीरांवरून झाले. आज एव्हरेस्टला किंवा किलिमांजारोला जाणाऱ्या परदेशी माणसाला डॉक्टर जो सल्ला देतो, त्यात या जवानांचा वाटा आहे. दिल्लीची संरक्षण शरीरक्रियाशास्त्र संस्था आणि लेहमधली संरक्षण प्रयोगशाळा याच काळातल्या. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी हे ज्ञान चौक्यांपर्यंत नेले.

त्या ज्ञानाचा गाभा एका वाक्यात मावतो: उंचीला वेळ द्यावा लागतो. लष्कराने तो वेळ ठरवून दिला आहे. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, मग १२,००० ते १५,००० वर चार दिवस, त्यापुढे आणखी चार. पहिले दोन दिवस फक्त विश्रांती. मग छावणीच्या आसपास सावकाश चालणे, मग थोडा चढ. वर जाणाऱ्या तरुणाला ही सगळी ढिलाई वाटते. धावून कमावलेल्या छातीचा भरवसा असतो, आणि तोच अनेकदा धोक्यात घालतो, कारण तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. १८,००० फुटांवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायूही निम्मा. पाणी तिथे ८२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजत नाही. शरीराला हे सगळे जुळवून घ्यायला रक्तात, श्वासाच्या गतीत, मूत्रपिंडाच्या कामात बदल करावे लागतात, आणि ते बदल दिवसांच्या हिशेबाने होतात. व्यायामाने त्यांची गती वाढत नाही.

इथे पेडण्याचा संबंध थेट येतो. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. सकाळी मोपाहून विमान, दिल्लीला बदली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लेह, असा प्रवास आता सहज होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर, म्हणजे सुमारे ११,५०० फुटांवर आहे. चवथीला पंधरा-वीस दिवसांची रजा घेऊन आलेला जवान माटोळीखाली बसून नेवऱ्या खातो, विसर्जन करून परततो, आणि त्याला वाटते की आपण तर वर्षभर वरच होतो, आपल्याला सवय आहे. ती सवय खाली आल्यावर उतरते. दहा दिवसांहून जास्त खाली राहिलेल्याला पुन्हा टप्प्याटप्प्याने वर नेण्याचा नियम आहे, आणि चार आठवड्यांहून जास्त राहिलेला नवखाच धरला जातो. रजेवरून परतलेल्यांच्या फुप्फुसात पाणी भरल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत जुन्या आहेत. सहसा हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होते: चालताना न शोभणारी धाप, कोरडा खोकला, मग विश्रांतीतही धाप, ओठांना निळसर झाक, गुलाबी फेसाळ थुंकी. उपाय प्राणवायू आणि खाली उतरवणे. हवामान उतरू देत नसेल तर दाब वाढवणाऱ्या पिशवीत ठेवतात, जवान तिला हॅपो बॅग म्हणतात. या सगळ्या उपायांत पहिला तास सर्वांत मोलाचा, आणि तो तास आजारी माणसाने तोंड उघडले तरच मिळतो.

घरच्यांना माझी विनंती आहे की मुलगा फोनवर म्हणाला, 'तिथे पोचून दोन दिवस काहीच करू देत नाहीत', तर त्याला चिडवू नका.

आता थंडी. उंचीपेक्षा ती वेगळ्या तऱ्हेने वागते. उष्णतेची सवय माणसाला दहा-चौदा दिवसांत चांगली होते, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो. डिचोलीच्या खाणींवर मे महिन्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. थंडीची तशी सवय शरीर फारच थोडी करून घेते. गारठा लागला की ते हातापायांकडचे रक्त आखडून घेते आणि हृदय-मेंदूकडे वळवते. प्राण वाचवण्याचा हा त्याचा जुना मार्ग, आणि त्याची किंमत बोटांनी द्यायची. म्हणून थंडीत तगणारा माणूस मुख्यतः शिकलेला माणूस असतो: कपडे कसे घालायचे, कधी काढायचे, पाय कधी पाहायचे हे ज्याला अंगवळणी पडले आहे तो. किनाऱ्यावरच्या मुलाला यात कमीपणा नाही. पहाडी मुलाने हे घरात पाहिलेले असते, याला ते सांगावे लागते, एवढाच फरक.

आणि शिकायचे पहिले म्हणजे ओलावा. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात उभे राहून पायांना चिखल्या होतात, त्या आजाराचे कारण वेगळे, पण ओल्या पायाकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा कशी असते याचा अंदाज त्यावरून येईल. पहिल्या महायुद्धात सप्टेंबर १९१४ पासून हिंदी पलटणी फ्रान्सला उतरल्या. खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या ऑक्टोबरात न्यू शॅपेलच्या लढाईत होत्या. खंदकांत पाण्यात उभे राहून सैनिकांचे पाय सुजले, बधिर झाले, काळे पडले. त्यासाठी गोठणबिंदूखाली तापमान जावे लागत नाही. शून्य ते दहा अंश आणि ओले मोजे पुरतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धातही ब्रिटिश सैनिकांना हाच पायाचा आजार मोठ्या प्रमाणावर झाला. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातल्या झटापटीत आपले वीस जवान गेले. त्यांतले सतरा जण गंभीर जखमी अवस्थेत शून्याखालच्या तापमानात राहिल्याने दगावले, असे लष्कराने तेव्हा सांगितले. महिना जूनचा होता. गोव्यात तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो.

घामही ओलावाच. चौकीवर चढताना सगळे कपडे अंगावर चढवून निघालेला नवखा वर पोचेपर्यंत आतून भिजतो, आणि थांबला की ते ओले कापड त्याला गारठवते. जुने जवान निघताना थोडी थंडी वाजू देतात आणि थांबल्यावर अंगावर घालतात. सुती बनियन वर चालत नाही, ओले झाले की ते वाळत नाही. मोजे बदलायचे, ओले मोजे कपड्यांच्या आत छातीशी वाळवायचे, बूट घट्ट बांधायचे नाहीत. वारा वेगळा मोजायचा: उणे २० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे ३४ चा गारठा लागतो. या हिशेबाची सुरुवात अंटार्क्टिकावरच झाली, पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी बाटलीतले पाणी गोठायला लागणारा वेळ मोजला तेव्हा.

हिमदंशाबद्दल जुने गैरसमज अजून चिवट आहेत. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने १८१२ च्या रशियन मोहिमेनंतर गोठलेल्या अवयवावर बर्फ चोळायचा सल्ला दिला आणि तो पुढे शंभर वर्षांहून जास्त चालला. चोळायचे काहीच नाही. शेकोटीवर धरायचे नाही, कारण बधिर बोट भाजले तरी कळत नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ते ऊबवायचे, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊबवायचेच नाही. गोठलेल्या पायावर चालत खाली येता येते. ऊबवून पुन्हा गोठलेला पाय बहुधा हातचा जातो.

आणि दारू. आपल्या भागात सर्दी-पडशाला फेणी लावतात, घेतात. तिच्याबद्दलची माया मी समजू शकतो. पण गारठ्यात दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, अंगाला ऊब वाटते, आणि आतली उष्णता बाहेर पळते. श्वास मंदावतो, विचार ढिला पडतो. विडी-सिगारेट उलटे करते, बोटांतला उरलासुरला रक्तप्रवाहही आखडते. दोन्ही गोष्टी जवानाला घरून डब्यात घालून देऊ नयेत.

थंडी आणि विरळ हवा मिळून काम कसे बिघडवतात याचे प्रकरण या पुस्तकात मोठे आहे, ते मुद्दाम. कातडीचे तापमान १५ अंशांखाली गेले की बोटांची कुशलता घसरते. काडतूस भरणे, गाठ बांधणे, रेडिओची कळ फिरवणे अवघड होते. बंदुकीतले तेल घट्ट होते, बॅटरी बसते. भूक जाते, झोप तुटते, तहान लागत नाही पण कोरड्या हवेतून श्वासावाटे पाणी जातच असते. पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेले बर्फ, म्हणून चौकीवर रॉकेल हेच पाणी. आणि बंद निवाऱ्यातला तो स्टोव्ह स्वतःच मारू शकतो. जानेवारी १९९० मध्ये अंटार्क्टिकाच्या हम्बोल्ट पर्वतात भारताच्या नवव्या मोहिमेतल्या चौघांचा छावणीत कार्बन मोनॉक्साइडने बळी घेतला. हवेला वाट ठेवणे ही तिथे चैन नसते.

बिघाडाची पहिली खूण मात्र अवयवापेक्षा वागण्यात दिसते. माणूस अडखळतो, पुटपुटतो, हातमोजा काढून विसरतो, चिडतो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेलेल्याला आपण ठीक आहोत असेच वाटते. म्हणून सियाचिनवर प्रत्येकाला बडी असतो, जो दुसऱ्याचे नाक, गाल, बोटे पाहतो आणि बोलणे ऐकतो. या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. आपल्या घरांत मुलाला लहानपणापासून 'सोसायला शीक' असे सांगतात. फौजेत तो ते घेऊन जातो, आणि पायाची बोटे बधिर झाल्याचे संध्याकाळपर्यंत कुणाला सांगत नाही, कारण सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. उंचावर सांगणारा जवान अधिक कामाचा असतो. त्याचे पाय वाचतात, आणि त्याला खांद्यावरून खाली नेण्यासाठी चार जणांना रात्री दोर बांधून निघावे लागत नाही.

सियाचिनवर १३ एप्रिल १९८४ च्या 'ऑपरेशन मेघदूत'पासून आपले जवान आहेत. थंडी तिथे उणे ५० अंशांपर्यंत उतरते आणि शत्रूच्या गोळीपेक्षा निसर्गानेच जास्त माणसे नेली आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम चौकीवर हिमकडा कोसळला, १९ मद्रासच्या तुकडीतले दहा जण गाडले गेले. लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद सहाव्या दिवशी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात वारले. ते धारवाड जिल्ह्यातले, आपल्या शेजारचे. त्या दहांत साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे शिपाई सुनील सूर्यवंशी होते. त्यांचे काम नर्सिंग असिस्टंटचे, म्हणजे चौकीवरच्या इतरांच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्याचे. शिस्त, सराव, सावधपणा सगळे असूनही काही संकटांपुढे इलाज नसतो, हे वाचकापासून लपवून ठेवणे मला मान्य नाही.

पण जिथे इलाज असतो तिथे जबाबदारी एकट्या जवानाची नाही. वेळ देण्याचे काम त्याच्या वरिष्ठांचे, कोरडे मोजे आणि योग्य बूट पोचवण्याचे काम शासनाचे. महालेखापरीक्षकांचा फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवलेला अहवाल उंचावरच्या तुकड्यांना बर्फाचे गॉगल, बूट आणि ठरलेले अन्न वेळेवर न मिळाल्याची नोंद करतो. १९६२ नंतर अठ्ठावन्न वर्षांनी अशी नोंद करावी लागणे क्लेशाचे आहे. नागरिकांनी अशा अहवालांबद्दल आपल्या खासदारांना विचारावे. भरतीच्या मिरवणुकीत हार घालण्याइतकेच ते कामाचे आहे.

लष्करी सूचनापत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत असतात आणि घरी पोचत नाहीत, म्हणून हा मजकूर मराठीत. त्याचे शेवटचे प्रकरण परतलेल्यांसाठी आहे आणि ते डिचोली-पेडण्यातल्या डॉक्टरांनीही वाचावे असे मला वाटते. एकदा हिमदंश झालेली बोटे पुढे अनेक वर्षे गारव्याला हळवी राहतात. वातानुकूलित खोलीत ती दुखतात, पांढरी पडतात, सांधे आखडतात. दीर्घकाळ फार उंच राहिलेल्यांत रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघाताच्या घटना लष्करी डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. ५,८०० मीटरच्या वर काही आठवडे राहिलेल्या जवानांत हृदयाची उजवी बाजू थकून सूज आल्याचे, आणि खाली आणल्यावर ते बरे झाल्याचे १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. चौक्यांवर ठरावीक महिन्यांहून जास्त ठेवत नाहीत, त्यामागे असे अनुभव आहेत. तेव्हा पन्नाशीतला माजी सैनिक पोटरी दुखते म्हणून दवाखान्यात आला, तर त्याने कुठे आणि किती उंचावर नोकरी केली हे विचारावे. त्यानेही, कुणी विचारले नाही तरी, ते आपणहून सांगावे.